बिऱ्हाड कारखान्याच्या गांवीं

घरांतील मुलगा इंजिनियर होऊन तळेगांवच्या किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यांत नोकरीस लागला, कीं पेढे वाटून होण्यापूर्वींच घरांत एक वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात, "भाडें म्हणजे पाण्यांत टाकलेला पैसा; पहिल्या वर्षींच हक्काचें घर घेऊन टाका." वडील बँकेच्या हप्त्यांचा हिशेब मांडूं लागतात. आई विचारते, "पाणी किती वेळ येतें? शेजार कसा आहे?" आणि ज्या सूनबाईंना त्या घरांत दिवस काढावयाचे असतात, त्यांना मात्र बहुधा कोणी कांहींच विचारीत नाहीं. हा वाद हल्लीं इतक्या घरांतून चालतो, कीं या महिन्याच्या सदरांत त्याचाच विचार करावा असें आम्हीं ठरविलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. कारखान्याच्या गांवीं पहिलीं चार-पांच वर्षें बिऱ्हाड भाड्याचेंच असावें. मात्र तें बिऱ्हाड धर्मशाळेंतील मुक्कामासारखें नसावें. या मताचीं कारणें आतां क्रमानें पाहूं.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. लोणावळ्याच्या स्टेशनापासून पांच-सहा किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या अगदीं कडेशीं, नागफणीच्या सुळक्याजवळ कुरवंडें हें लहानसें गांव आहे. याच गांवच्या डोंगरांत इंद्रायणी उगम पावते. देहू-आळंदीस जिच्या कांठीं आपण हात जोडतों, ती नदी येथें ओढ्याएवढी असते. तिच्या खोऱ्यानें खालीं उतरत गेलें, कीं कामशेत, वडगांव, तळेगांव अशीं गांवें लागतात आणि पुढें पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा मुलूख सुरू होतो. त्याच खोऱ्यांतून आगगाडीहि जाते. म्हणून कुरवंड्यास किंवा लोणावळ्यास बिऱ्हाड करावें आणि नोकरी खालीं करावी, असा संसार आज पुष्कळ कुटुंबें करीत आहेत.

हा मुलूख कारखान्यांचा झाला तो एका दिवसांत नव्हे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि लोणावळें हें रेल्वेच्या नोकरांचें गांव बनलें. १९०८ च्या सुमारास पैसा फंडाच्या वर्गणींतून तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. स्वदेशीच्या चळवळीनें लोकांकडून एक एक पैसा गोळा करून उभारलेला तो उद्योग होता. १९१५ सालीं टाटांनीं घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी खोपोलीस उतरवून वीज निर्माण केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. १९४५ सालीं आरमाराच्या इंजिनियरांना शिक्षण देणारी 'शिवाजी' ही संस्था लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आली. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिन तयार करणारी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर तर कारखान्यांची रांगच लागली. १९७८ पासून पुणें-लोणावळें लोकल धांवूं लागली आणि चौसष्ट किलोमीटरांवरील पुणें दीड तासाच्या आंतबाहेर आलें. असा हा शंभर-दीडशें वर्षांचा क्रम आहे.

या क्रमाकडे पाहतांना एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. कारखाना जसा येतो तसा जातोहि. आकुर्डीचा बजाजचा कारखाना म्हणजे एके काळीं त्या भागाचा प्राण होता. स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. तेथील वाहनांचें उत्पादन २००७ सालीं बंद झालें. तळेगांवास जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ सालीं मोठ्या थाटानें सुरू झाला आणि बारा वर्षांनीं, २०२० च्या डिसेंबरांत, तेथील काम थांबलें. चौदाशेंहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या पुढील वर्षीं अधांतरीं लटकल्या. २०२३ सालीं ह्युंदाई कंपनीनें तो कारखाना विकत घेण्याचा करार केला, म्हणजे जागेला पुनः धनी मिळाला. परंतु मधल्या दोन-अडीच वर्षांत ज्यांच्या घरीं दरमहा पगार यावयाचा बंद झाला होता, त्यांच्या बँकेचा हप्ता कांहीं थांबला नव्हता. यंत्रें उचलून दुसरीकडे नेतां येतात. भिंती कोणाला नेतां येत नाहींत.

घर आणि पगार हे दोन्ही एकाच खुंटीस टांगले म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. शिकागो शहराच्या कडेला जॉर्ज पुलमन नांवाच्या कारखानदारानें १८८० च्या सुमारास आपल्या कामगारांसाठीं एक नमुनेदार गांव वसविलें. आगगाडीचे निजण्याचे डबे तयार करण्याचा त्याचा कारखाना होता. घरें पक्क्या विटांचीं, रस्ते स्वच्छ, बागा, वाचनालय, दुकानें, सर्व कांहीं होतें. पण त्यांतील प्रत्येक वीट कंपनीच्या मालकीची. १८९३ सालीं मंदी आली. कंपनीनें मजुरी सुमारें पाव हिश्श्यानें कमी केली. घरभाडें मात्र एक पैनेंहि उतरविलें नाहीं. कापलेल्या पगारांतून पूर्वींचेंच भाडें दिल्यावर हातांत उरणार काय? १८९४ च्या मे महिन्यांत कामगारांनीं संप केला. तो पाहतां पाहतां निम्म्या देशाच्या रेल्वेंत पसरला आणि शेवटीं सरकारी सैन्य आणून मोडण्यांत आला. पुढें १८९८ सालीं त्या प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानें कंपनीस सांगितलें, कीं कारखान्यास आवश्यक नसलेली ही गांवची मालमत्ता तुम्ही ठेवूं शकत नाहीं. ती विकून टाका.

सगळेच कारखानदार पुलमनसारखे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्याकडे १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडलच्या माळावर वसविलेली वाडी पाहिली, तर मालक आणि कामगार एका गांवचे होऊन राहूं शकतात हें दिसतें. परंतु मालक सज्जन असो वा नसो, पोटाची भाकरी आणि डोक्यावरचें छप्पर हीं एकाच हातांत असलीं, कीं माणसाची जीभ बांधली जाते. आजचा मुलगा म्हणेल, "माझें घर कंपनीचें नाहीं, माझ्या स्वतःच्या नांवावर आहे." खरें आहे. पण वीस वर्षांचा हप्ता त्या एका पगारावर उभा असला, तर वरिष्ठांनीं कांहीं अयोग्य सांगितलें असतां 'हें मी करणार नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं तो हप्त्याची तारीख आठवणार. पुलमनच्या गांवीं भाड्यानें जें काम केलें, तेंच येथें कर्ज करतें.

कुरवंड्याच्या घाटाशींच निगडित असलेला एक प्रसंग येथें आठवतो. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखान हा मोंगल सरदार मोठें सैन्य घेऊन हा घाट उतरला आणि खालच्या उंबरखिंडींत शिरला. पुढची वाट रोखलेली, मागची बंद झालेली आणि दोन्ही बाजूंच्या रानांत शिवाजीमहाराजांचे मावळे. खानाचें सैन्य कांहीं लहान नव्हतें. पण शिरण्यापूर्वीं बाहेर पडण्याची वाट त्यानें पाहून ठेवली नव्हती. सारें सामान टाकून आणि अभय मागून त्याला परतावें लागलें. संसारांत कर्ज काढणाऱ्यानें एवढी एक गोष्ट त्या खानापासून शिकावी. खिंडींत शिरूं नये असें नाहीं; पण दुसऱ्या टोंकाची वाट आधीं पाहावी.

आतां आजोबांच्या आक्षेपाकडे वळूं. भाडें पाण्यांत जातें, हें त्यांचें म्हणणें पाटीवर मांडून पाहूं. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आहे. पैकीं ८ लाख घरचे आणि ३२ लाख बँकेचे, शेंकडा साडेआठ व्याजानें, वीस वर्षांच्या मुदतीनें. दरमहा हप्ता सुमारें २७,८०० रुपये पडतो. त्यांतून पहिल्या महिन्यांत जवळजवळ २२,७०० रुपये नुसत्या व्याजाचे असतात. मुद्दल फिटतें तें पांच हजारांच्या आसपास. पांच वर्षांत मिळून साडेसोळा लाखांहून अधिक रुपये भरल्यावर मुद्दलांतून कमी झालेले असतात ते पावणेचार लाखांच्या थोडे वर. खरेदीच्या वेळीं मुद्रांक आणि नोंदणी यांसाठीं दिलेले अडीच लाखांच्या आसपासचे रुपये निराळेच. तसेंच घर १३,००० रुपये भाड्यानें मिळत असेल, तर पांच वर्षांचें भाडें ७ लाख ८० हजार होतें. तेंहि परत येत नाहीं, हें कबूल. पण व्याज तरी कोठें परत येतें? भाडें पाण्यांत जात असेल, तर व्याजहि त्याच पाण्यांत जातें. फरक इतकाच, कीं भाडें डोळ्यांना दिसतें आणि व्याज हप्त्याच्या पोटांत लपतें.

मात्र या हिशेबाला दोन अटी आहेत आणि त्या लपविणें बरोबर होणार नाहीं. पहिली अट, भाडें आणि हप्ता यांतील जो फरक उरतो, तो दरमहा खरोखरच बाजूस ठेवला पाहिजे. तो उपाहारगृहांत आणि नव्या नव्या मोबाइलांत गेला, तर आजोबा बरोबर आणि आम्ही चूक. दुसरी अट, घराची किंमत झपाट्यानें वाढली तर विकत घेणारा नफ्यांत राहील. पण कारखान्याच्या गांवीं ही वाढहि कारखान्याच्याच भरभराटीवर अवलंबून असते. ज्या वर्षीं नोकरी जाते, नेमक्या त्याच वर्षीं शेजारची चार घरेंहि विकावयास निघतात. म्हणून आमचा सल्ला इतकाच: पांच वर्षें कारखाना, गांव आणि स्वतःची उमेद, तिन्ही पारखून घ्यावीं. वर्षभराचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी शिल्लक हातीं आली आणि पगाराचा दुसरा कांहीं आधार उभा राहिला, म्हणजे घर जरूर विकत घ्यावें.

भाड्याचें घर घ्यावयाचें ठरलें, तर तें पाहावें कसें? मावळांत याचें उत्तर सोपें आहे: आषाढांत पाहावें. लोणावळ्यास पावसाळ्यांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास पडतो त्याच्या कितीतरी पट. दिवाळीनंतर रंग लावून चकचकीत केलेल्या भिंती पाहून घर पसंत करणारा पहिल्याच श्रावणांत पस्तावतो. आषाढांत पाहिलें, तर पश्चिमेच्या भिंतीला ओल किती येते, छप्पर कोठें गळतें, स्वयंपाकघरांत धूर कोंडतो कीं काय, हें कोणाला विचारावेंहि लागत नाहीं. कपाटें भिंतीपासून वीतभर दूर ठेवावयास जागा आहे ना, कपडे वाळत घालण्यास आडोसा आहे ना, हें पाहावें. दारें-खिडक्या बंद करून कोळशाच्या शेगडीवर कपडे वाळविण्याची जुनी पद्धत मात्र सोडावी. त्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो आणि निजलेलें माणूस निजलेलेंच राहतें.

दुसरी गोष्ट शेजाराची. लोणावळें, तुंगार्ली, कुरवंडें या बाजूस पुष्कळ बंगले शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठीं दिले जातात. दोन रात्रींत जें उत्पन्न येतें त्यापुढें महिन्याचें भाडें घरमालकास फिकें वाटतें. त्यामुळें वर्षभरासाठीं घर देणारा मालक येथें शोधावा लागतो, आणि सांपडला तरी 'पावसाळ्याच्या हंगामांत घर मोकळें करून द्या' अशी अट पुढें येऊं शकते. शेजारचे बंगले कोणासाठीं आहेत, शनिवारीं रात्रीं तेथें किती गलका असतो, हें एक शनिवार स्वतः येऊन पाहावें. आणि तिसरी गोष्ट गाडीची. घर स्टेशनापासून किती दूर, पहांटेच्या गाडीस रिक्षा मिळते कां, रात्रपाळी संपल्यावर परत येण्यास साधन काय, हें वेळापत्रक हातांत धरून तपासावें. तीन हजार रुपये भाडें वांचविण्यासाठीं जो रोज तीन तास प्रवास करतो, त्यानें आपल्या मुलांच्या बापाची किंमत तासाला किती धरली, याचाहि हिशेब करावा.

घर पसंत पडलें, कीं लिखापढीचा प्रश्न येतो. येथें आपल्या लोकांची एक जुनी संवय आड येते. "ओळखीचे आहेत, कागद कशाला?" असें म्हणणें आपणांस सभ्यपणाचें वाटतें. वस्तुतः कागद नसल्यामुळेंच ओळखीचीं माणसें अनोळखी होतात. भाड्याच्या कायद्याचा इतिहास पाहिला, तर हें चांगलें समजेल. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं भाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत पहिला निर्बंध आला. पुढें १९४७ च्या कायद्यानें बहुतेक जुनीं भाडीं १९४० सालच्या पातळीशीं बांधलीं गेलीं. बिऱ्हाडकरूला त्या टंचाईच्या काळांत मोठाच आधार मिळाला. पण महागाई वाढत गेली आणि भाडें जागच्या जागीं राहिलें, तेव्हां मालकांनीं दुरुस्ती सोडली. पुण्यांतील कितीतरी वाडे अशा रीतीनें खचले: वरच्या मजल्यावर दहा रुपयांचा भाडेकरू, खालीं हताश मालक, आणि दोघांमध्यें पिढ्यान् पिढ्या चाललेला दावा. भाडीं अशीं गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९७ सालीं सांगितलें. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रांत १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलांत आला.

या कायद्यांतील चार गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्यात. कायद्यास जोडलेल्या याद्यांतील गांवांस व शहरांस तो लागू आहे. म्हणून आपलें गांव त्यांत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. पहिली गोष्ट, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविला गेला पाहिजे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं, ही समजूत सर्वत्र पसरलेली असली तरी महाराष्ट्रांत ती खरी नव्हे. नोंदणी नसेल, तर अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. दुसरी, लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलें नाहीं, तर राहणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. तिसरी, दिलेल्या भाड्याची पावती मागणें हा हक्क आहे, अपमान नव्हे. चौथी, भांडण झालें म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार मालकास नाहीं. करारास मुद्रांक लागतो तो एकूण भाड्यावर शेंकडा पाव. वर सांगितलेल्या घरास अकरा महिन्यांसाठीं तो चारशें रुपयांच्या आंतच पडेल. नोंदणीची फी धरूनहि हा खर्च एका महिन्याच्या भाड्यापुढें किरकोळ आहे.

करारांत नुसतें भाडें आणि अनामत लिहून थांबूं नये. गळती कोणी दुरुस्त करावयाची, रंगाचा खर्च कोणाचा, सोसायटीची वर्गणी कोणी भरावयाची, अनामत घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळावयाची, हें सर्व असावें. घरांत शिरण्याच्या दिवशीं भिंतींचीं व नळांचीं छायाचित्रें दोघांनीं मिळून घ्यावीं. आणि कारखान्याच्या गांवीं एक कलम विशेषेंकरून मागून घ्यावें: बदली झाली किंवा नोकरी गेली, तर एक महिन्याची सूचना देऊन, अनामत न गमावतां घर सोडतां यावें. ही झाली खिंडींतून बाहेर पडण्याची वाट. तिच्यासाठीं भाडें थोडें अधिक द्यावें लागलें, तरी तें द्यावें.

आतां आमच्या ज्या वाचकांचीं लोणावळ्यास किंवा तळेगांवास घरें आहेत, त्यांच्याशीं दोन शब्द. जागा दाखविण्यापूर्वींच "आडनांव काय?" असें विचारण्याची रीत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. मांसाहार नको, एकटा मुलगा नको, नोकरी करणाऱ्या मुली नकोत, अमक्या धर्माचे नकोत, तमक्या जातीचे तर नकोतच, अशी नकारांची माळ ओढून शेवटीं आपण म्हणतों, "चांगला बिऱ्हाडकरू मिळत नाहीं." आपला मुलगा परमुलखांत नोकरीस गेला असतां, केवळ बोलण्याच्या ढबीवरून किंवा नांवावरून त्याला कोणी दार लावून घेतलें, तर आपणांस कसें वाटतें? मग तेंच माप येथें कां नको? भाडें वेळेवर देतो कां, घर नीट ठेवतो कां, शेजाऱ्यास त्रास देत नाहीं ना, एवढे प्रश्न घरमालकास पुरेत. चौथा प्रश्न घराच्या रक्षणासाठीं नसून अहंकाराच्या रक्षणासाठीं असतो. कारखाना सर्व जातींच्या हातांनीं चालतो. त्याच्या सांवलींतील गांवानें एकाच जातीचें राहण्याचा हट्ट धरूं नये.

शेवटचा मुद्दा राहण्याचा. भाड्याच्या घरांत राहणारीं कित्येक कुटुंबें वर्षानुवर्षें खोकीं न उघडतां राहतात. खिळा ठोकावयाचा नाहीं, झाड लावावयाचें नाहीं, कोणाशीं बोलावयाचें नाहीं, "आपलें काय, आज येथें, उद्यां तेथें." या वृत्तीचा सर्वांत मोठा भुर्दंड घरांतील स्त्रीस बसतो. पुरुष कारखान्यांत जातो, त्याला तेथें सोबती मिळतात. ती मात्र चार भिंतींत, पावसांत, अनोळखी गांवांत दिवस मोजते. म्हणून घर निवडतांना तिचें मत पहिलें घ्यावें: तिला काम करावयाचें असल्यास तें कोठें मिळेल, वाचनालय किती दूर, डॉक्टर कोण, मुलांची शाळा कोणती. सासू-सासऱ्यांनींहि वर्षांतून महिना-दीड महिना तेथें जाऊन राहावें. पण दोष काढण्यासाठीं नव्हे, हातभार लावण्यासाठीं. एकत्र कुटुंब एका छपराखालींच असलें पाहिजे असें नाहीं. अडचणींत जें एकत्र होतें तें एकत्र कुटुंब.

आणि गांवाशींहि संबंध जोडावा. जेथें आपण नेहमीं राहतों तेथील मतदारयादींत नांव घालण्यास घर मालकीचें असावें लागत नाहीं. कचरा, पाणी, रस्ते यांच्याविषयीं बोलण्याचा हक्क बिऱ्हाडकरूलाहि आहे. कुरवंड्याचे मूळचे लोक पिढ्यान् पिढ्या या डोंगरांत शेती-गुरें करून राहिलेले आहेत. आपण त्यांच्या गांवांत नवे आहोंत, ही जाणीव ठेवून त्यांच्याशीं बोलावें. पाऊस केव्हां उघडणार, कोणत्या विहिरीचें पाणी चैत्रांत टिकतें, हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? वर स्वच्छ निघालेली इंद्रायणी खालीं कारखान्यांच्या मुलखांतून जातांना सांडपाण्यानें मळते आणि आळंदीस कधीं कधीं फेंसानें पांढरी होते. ज्यांचा पगार त्या कारखान्यांतून येतो आणि ज्यांच्या घरीं आषाढींस विठ्ठलाचें नांव घेतलें जातें, त्यांनीं 'आम्ही भाड्यानें राहतों, आम्हांस काय त्याचें?' असें म्हणूं नये.

हक्काचें घर ही चांगली गोष्ट आहे आणि वेळ येतांच तें प्रत्येकास लाभो. पण घर हक्काचें होण्यापूर्वीं माणूस मोकळा असावा लागतो. ज्याच्या हातीं वर्षाची शिल्लक, नोंदविलेला करार आणि शेजाऱ्यांचा लोभ आहे, तो भाड्याच्या दोन खोल्यांतहि ताठ मानेनें राहतो. ज्याच्या हातीं नुसतें कर्जाचें खरेदीखत आहे, त्याला दरमहा पगाराच्या तारखेपर्यंत तरी मान खालीं घालूनच राहावें लागतें. यांपैकीं कोणता संसार आपल्या मुलानें करावा, हें प्रत्येक घरानें एकत्र बसून, आणि सूनबाईंस मध्यें बसवून, ठरवावें.